मुंगी जाईल एवढी फट

मी एक जुना नकाशा आहे. भूगोलाच्या तासाला भिंतीवर टांगतात तसला नव्हे, मित्रांनो. मी खेळातला नकाशा आहे. संगणकावरच्या खेळात तुम्ही राजा होता, फौजा हलवता, किल्ले घेता, आणि आई जेवायला हाक मारते तेव्हा "एकच खेळी राहिली गं" म्हणून आणखी वीस खेळी खेळता. त्या खेळात फौजांच्या पायाखाली जो देश पसरलेला असतो ना, तो मी. तुमचं सगळं लक्ष फौजांकडे. पायाखाली कोण बघतो? असो. तक्रार करायला मी बसलेलो नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे.

मी घाबरट आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. कागदाची जातच तशी. पाणी, उंदीर, वाळवी, कात्री, सगळ्यांचं भय. पुढे मला संगणकात घातलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा! कसलं काय. तिथे तर एक बोट दाबलं की सगळं साफ, मागे कपटासुद्धा उरत नाही.

माझा जन्म वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत, एका उतरत्या मेजावर झाला. ते मेज जमीनमोजणीच्या कचेरीत जन्मभर नकाशे काढलेल्या एका गृहस्थांचं होतं. ते वारले तेव्हा मुलांसाठी मेज, पितळी कंपास, रेघा मारायचं पेन आणि एक सवय मागे ठेवून गेले. त्या सवयीचं नाव आधारवही. नकाशावर रेघ मारली की तिला क्रमांक द्यायचा आणि वहीत त्या क्रमांकापुढे तिचा आधार लिहायचा. ही रेघ कोणी पाहिली, कोणी मोजली, कुठे नोंदली. आधार नसेल तर रेघ पुसायची. बाकी कशावर ते मुलांना रागावले नसतील, पण यावर मात्र रागवायचे.

त्यांना मुलं दोन. थोरलीला सगळे ताई म्हणत. हात असा स्थिर, की नदी काढताना पापणीसुद्धा हलायची नाही. धाकटा भाऊ संगणकाला आज्ञा लिहायचा. दोघांनी मिळून एक खेळ करायचं मनावर घेतलं. तीनशे वर्षांपूर्वीची दोन राज्यं, मध्ये एक मोठी नदी, नदीवर तीन पूल आणि प्रत्येक पुलाशी एक किल्ला. सगळं जुन्या कागदांतून शोधून काढलेलं.

त्या काळी खेळातले नकाशे सोंगट्यांच्या पटासारखे असत. माझे चाळीस प्रांत होते आणि प्रत्येकाला एक सपाट रंग. फौज म्हणजे सोंगटी, ती एका रंगातून उचलायची आणि शेजारच्या रंगात ठेवायची. डोंगर म्हणजे शोभेला काढलेले तीन त्रिकोण. भावाचा नियम सोपा होता. दोन रंग एकमेकांना टेकत असतील तर फौज जाऊ शकते. मध्ये नदीची निळी रेघ आली तर पुलावरूनच जायचं, नाहीतर अडायचं.

ताई नदी काढत होती तो दिवस मला लख्ख आठवतो. नदी एका दमात काढायची असते. मध्येच थांबलं की शाई पेनात सुकते. अर्धी नदी झाली आणि कोपऱ्यातल्या पाळण्यात तिची चार महिन्यांची लेक रडायला लागली. साधं रडणं नव्हे, टाहोच फोडला पोरीने. ताईने पेन उचललं, लेकीला खांद्यावर घेतलं, थोपटत थोपटत खोलीभर फिरली. परत येऊन पाहते तर शाई सुकलेली. तिने पेन धुतलं, शाई भरली आणि रेघ पुढे चालू केली. पण जिथे सोडली होती तिथून नव्हे, जरा पुढून. मधे मुंगी जाईल एवढी फट राहिली. मला ती टोचत होती हो! पण नकाशाला कुठलं आलंय तोंड?

आठवड्याने मला काचेवर पालथं घातलं, उजेडाची एक पट्टी अंगावरून फिरली आणि मी संगणकात गेलो. पहिलीच चाचणी. उत्तरेकडच्या फौजा पुलांशी आल्या, किल्ले बघून थबकल्या. आणि एक फौज सरळ त्या फटीतून पलीकडे गेली. तिथे दोन रंग एकमेकांना टेकत होते ना!

भाऊ खुर्चीतून उडालाच. "ताई! अगं, तू इथे उतार ठेवलायस?"

"उतार?"

"नदी पायी ओलांडायची जागा गं. काय डोकं आहे तुझं! तिन्ही पुलांवर किल्ले, फौजा तिथेच अडकून पडल्या असत्या. या उतारामुळे खेळात जान आली बघ."

ताईने वाकून फट पाहिली. तिचा चेहरा उतरला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण भाऊ इतका हरखला होता की तिचा धीर झाला नाही. "हो," ती म्हणाली. "ठेवलाय." वहीत तिने एकशे सतरा क्रमांक टाकला, पुढे "उतार" लिहिलं, आणि आधाराचा रकाना कोरा सोडला. नंतर बघू म्हणाली असेल मनात. ते नंतर काही आलं नाही.

खेळ चालला. चालला म्हणजे तुफान चालला. आणि माझा भाव वधारला. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी खेळणारे म्हणायला लागले, सोंगट्या पुरे, फौजा चालताना दिसू देत. मग माझा सपाटपणा गेला. डोंगर खरेच उंच झाले, त्यांत खिंडी आल्या, जंगलं आली. दर खेळीला फौजेने किती चालायचं ते ठरलं, आणि चढावर तेच चालणं निम्मं झालं. आता कुठे मला किंमत आली. पूर्वी मी नुसता पट होतो, आता मीच लढाया जिंकून देत होतो. त्या फटीच्या जागी उथळ पाणी आणि दगड रंगवले गेले. खेळणारे त्या उताराशी दबा धरून बसत, त्यावरून वाद घालत. एका मासिकाचा वार्ताहर घरी आला आणि त्याने विचारलं, "ताई, हा उतार तुम्हाला सापडला कुठे?"

"जुन्या कागदपत्रांत," ताई म्हणाली. इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं. ते छापून आलं. भावाने चौकट करून भिंतीवर लावलं. त्या चौकटीकडे पाठ येईल अशी ताईने आपली खुर्ची फिरवून घेतली, हे फक्त मी पाहिलं.

तिसऱ्या आवृत्तीत तर मी फुगलोच. चाळीस प्रांतांचे चारशे झाले. आभाळातून पाहावं तसा मी अख्खा दिसायचो आणि चाक फिरवलं की थेट एखाद्या खेड्याच्या विहिरीपर्यंत उतरता यायचं. ऋतू आले. हिवाळ्यात माझ्यावर बर्फ पडे आणि फौजा कुडकुडत. जो मुलूख पाहिलेला नाही त्यावर धुकं. पण मित्रांनो, खरं सांगू का? मी जितका देखणा झालो तितका झाकला गेलो. अंगभर आकडे, पाट्या, खिडक्या. धान्य किती, प्रजा खूश की नाखूश, अमक्या सरदाराचं दुखणं काय. लोक तक्त्यांतच बुडालेले असत. मी पाट्यांच्या फटींतून डोकावून बघायचो, माझ्याकडे कोणी पाहतंय का ते.

या सगळ्यात एकवीस वर्षं गेली. खोलीची कचेरी झाली, कचेरीत बारा माणसं आली. ताईचा हात थरथरायला लागला. ती आता आठवड्यातून दोनदा येऊन गावांची नावं तेवढी तपासायची. ते उतरतं मेज कोपऱ्यात गेलं. त्यावर चहाचे मग आणि चार्जरच्या वायरींचं जाळं, आणि खालच्या खणात माझा मूळ कागद. आणि पाळण्यातली ती लेक? ती मोठी झाली, नकाशाशास्त्र शिकली आणि चौथ्या आवृत्तीचा नकाशा तिच्याकडे आला. ती भावाला मामा म्हणायची म्हणून कचेरीतली झाडून सगळी माणसं त्याला मामा म्हणायला लागली.

लेकीचा नकाशा पेनाने नव्हे, उपग्रहांनी मोजलेल्या उंचीवरून तयार झाला. प्रत्येक ओढा जिथल्या तिथे. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण पोरगी होती आजोबांवर गेलेली. आधारवही घेऊन बसली आणि माझी एकेक खूण तपासायला लागली. आधार आहे, ठेव. आधार नाही, काढ. एकशे सतराशी येऊन ती थांबली.

"आई, एकशे सतराचा आधार काय गं? रकाना कोरा आहे."

ताई गावांची यादी वाचत होती. तिने मान वर केली नाही. "असेल कुठेतरी. आता आठवत नाही."

"मग काढते."

"काढ," ताई म्हणाली. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. चला, चूक गेली, लपवाछपवीही गेली. माझ्या मात्र काळजात धस्स झालं. कारण फौजा कुठून जातात ते मला ठाऊक होतं.

पुढे दोन वर्षं कामात गेली. मग चाचण्या सुरू झाल्या आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. संगणक स्वतः ज्या राजाकडून खेळतो त्याला आमच्याकडे यंत्रराजा म्हणतात. उत्तरेचा यंत्रराजा फौजा गोळा करून नदीशी यायचा. तिन्ही पुलांशी किल्ले. तो हिशेब करून थांबायचा. आणखी फौज आणायचा, पुन्हा थांबायचा. काठावर गर्दी, मग उपासमार. दक्षिणेचा राजा पलीकडे तसाच बसलेला. दोनशे खेळ्या झाल्या तरी युद्ध म्हणून पेटेना. मामाने यंत्रराजाचं धाडस वाढवलं, तर तो किल्ल्यांवर डोकं आपटून दहा खेळ्यांत संपला. कमी केलं, तर घरातून बाहेरच पडेना. धान्य वाढवून पाहिलं, हिवाळा छोटा करून पाहिलं. तीन आठवडे हेच. सगळ्यांच्या नाकी नऊ आले.

लेकीने जेवण टाकलं. तिला वाटायचं तिच्याच नकाशात खोट आहे, म्हणून ती पुन्हा पुन्हा नदी मोजायची. नदी बरोबरच होती. तीच तर अडचण होती!

शुक्रवारी खेळ बाहेर पाठवायचा होता. गुरुवारी सकाळी मामा लेकीच्या मेजाशी येऊन उभा राहिला. त्याला बोलणं जड जात होतं.

"बाळा, संध्याकाळपर्यंत चाललं तर ठीक. नाहीतर बाहेरचा तयार नकाशा घालावा लागेल. बोलून ठेवलंय मी."

"तीन वर्षं, मामा."

"माहितीये गं. पण फौजा हलतच नाहीत त्याला मी काय करू?"

लेक पडद्याकडे वळली. "शेवटची एक मोठी चाचणी लावते. शंभर खेळ एकदम. पण यंत्रावर जागा नाही. जुने तिन्ही नकाशे पुसू?"

"पूस," मामा म्हणाला. "आता त्यांचं काय काम?"

मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली. जुने तिन्ही नकाशे म्हणजे मी. माझे चाळीस प्रांत, माझ्या खिंडी, माझं बर्फ. आणि ती फट! ती फक्त माझ्यापाशी होती, आणि खणातल्या कागदाकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. मी गेलो की फौजा का अडतात ते सांगणारं या जगात काही उरणार नव्हतं. पडद्यावर प्रश्न उमटला, कायमचं पुसायचं? लेकीचं बोट बटणावर आलं. मी नकाशा नसतो तर किंचाळलो असतो.

खोलीत ताई होती. तिचा डबा समोर उघडा पडला होता, त्यातला घाससुद्धा तिने घेतला नव्हता. आठवडाभर ती अशीच होती. काहीतरी बोलायला उठायची, भिंतीवरच्या त्या चौकटीकडे नजर जायची आणि पुन्हा बसायची. मला कळत होतं. तिला कधीच कळून चुकलं होतं.

"थांब," ताई म्हणाली.

लेकीचं बोट तसंच थांबलं. ताई कोपऱ्यातल्या मेजाशी गेली, चहाचे मग बाजूला केले, वायरी ओढल्या. खण अडकला होता, तो हिसका देऊन उघडला आणि मला बाहेर काढलं. चोवीस वर्षांनी तिचा हात लागला. थरथरत होता. वयाने म्हणा किंवा भीतीने. मीही थरथरत होतो, म्हणून नीट सांगता येत नाही.

"हे बघ," तिने नदीवर बोट ठेवलं. "एकशे सतरा. उतार नाहीये हा. कधीच नव्हता. माझी रेघ तुटली इथे."

मामा हसला. "ताई, काहीतरी काय? जुन्या कागदपत्रांत..."

"नव्हता कागदपत्रांत! खोटं बोलले मी. तुला बोलले, त्या वार्ताहराला बोलले, सगळ्यांना बोलले. तुम्ही इतकं कौतुक केलंत, मग सांगणार तरी कधी? बाबा असते तर त्यांनी मला दारात उभं केलं नसतं." तिने तिन्ही पुलांवरून बोट फिरवलं. "पण खऱ्या नदीला तीनच वाटा होत्या, आणि जिथे वाट तिथे त्या लोकांनी किल्ला बांधला. ही चौथी वाट खरी नव्हतीच, म्हणून तिथे किल्ला नाही. तुझे राजे चोवीस वर्षं माझ्या चुकीतून जात होते रे. ती काढली आणि सगळं थांबलं."

लेकीने मला उजेडाकडे धरलं. डोळा कागदाला टेकेल इतकी जवळ आली.

"रंगसुद्धा दोन्हीकडचे टेकलेत," ती म्हणाली. मग एकदम भडकली. "आई, मी तुला विचारलं होतं! दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत! आठवत नाही म्हणालीस. तीन आठवडे मी वेड्यासारखी नदी मोजतेय. तुला एकदाही वाटलं नाही सांगावंसं?"

"रोज वाटलं."

"मग?"

"लाज वाटली गं," ताई म्हणाली. "लेकीपुढे तर जास्तच."

लेकीचा राग ओसरला नव्हता, पण तिला आणखी काहीतरी विचारायचं होतं. "तुझी रेघ तुटलीच कशी पण? तुझी?"

ताईने पदराने डोळे पुसले. "तू उठलीस पाळण्यात. ओरडलीस अशी, की वाटलं काही चावलंच तुला. काही झालं नव्हतं. नुसती मी हवी होते. पेन ठेवलं ते ठेवलंच."

मामा खुर्चीत मटकन बसला. "म्हणजे या उतारावर मी तीन सभांत भाषण ठोकलं, तो..." आणि तो हसायलाच लागला. आधी हळू, मग पोट धरून. लेक हसायचं नाही असं ठरवून उभी होती. तिलाही ते जमलं नाही.

तिने पुसायच्या प्रश्नावर "नाही" दाबलं. दुसऱ्याच कसल्या तरी जुन्या चित्रफिती पुसून जागा केली. आणि आपल्या त्या अचूक नदीत, जिथे माझी फट आहे नेमकी तिथे, उथळ पाणी घातलं.

"अगं, पण आधार?" ताई घाबरून म्हणाली. "या नव्या खेळात खुणेवर बाण नेला की आधार दिसतो सगळ्यांना. काय लिहिशील? खोटं नको हं आता."

"खरंच लिहीन."

"लोक हसतील मला!"

"हसू देत," लेक म्हणाली.

चाचणी लागली. उत्तरेचा यंत्रराजा आला. पुलांशी थबकला. फौजा साचायला लागल्या. माझा जीव टांगणीला. दहावी खेळी, बारावी, पंधरावी. तो काही हलेना. ताईने लेकीचा हात घट्ट धरला होता. सतराव्या खेळीला एक लहानशी फौज रांगेतून बाजूला झाली, काठाकाठाने खाली चालत गेली आणि पाण्यात उतरली. पलीकडे निघाली. मामाने मेजावर अशी थाप मारली की चहाचे मग नाचले. माझ्या जिवात जीव आला.

आता मी त्याच खणात आहे. चार्जरची वायर अडकते म्हणून खण पुरता मिटत नाही, आणि त्या फटीतून मला कचेरी दिसते. संगणकातल्या माझ्या तिन्ही रूपांना लेकीने वेगळी जागा दिली आहे आणि वर "पुसू नये" असं लिहिलं आहे. तरी मला रोज धाकधूक वाटते. उद्या कोणी नवा येईल, त्याला जागा कमी पडेल. म्हणून तुम्हाला एवढंच विनवतो, मित्रांनो. नवं करा, जरूर करा, माझ्याहून शंभरपटींनी देखणं करा. पण जुनं पुसण्याआधी, हे असं का होतं, असं एकदा कोणालातरी विचारा. आणि तुम्हाला कोणी विचारलं तर, कितीही लाज वाटली तरी, खरं सांगा. चोवीस वर्षं थांबू नका.

अरे हो, लेकीने आधारवहीत काय लिहिलं ते सांगायचं राहिलंच. एकशे सतरा क्रमांकापुढचा तो कोरा रकाना आता भरलेला आहे, आणि खेळातही त्या उथळ पाण्यावर बाण नेला की तेच वाचायला मिळतं. अक्षर जरा तिरकं आहे, कारण तेव्हा ताईने तिला जवळ ओढून धरलं होतं.

"आधार: मी रडले म्हणून आईने पेन उचललं."